बाबांची बँक तुमच्या फोनवर नको, आईच्या हातात द्या

प्रश्न वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: वडील ७३ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त, भुसावळला स्वतःचं घर. बँक, ठेवी, वीजबिल, घरपट्टी सगळं तेच बघायचे. मार्चमध्ये अचानक बायपास झाली आणि तीन आठवडे ते दवाखान्यात होते. तेवढ्या काळात वीजबिल थकलं, फोनचं रिचार्ज संपलं, आणि आईला एटीएमचा पिनसुद्धा ठाऊक नव्हता. मुलगा पुण्यात. तो विचारतो की बाबांचं यूपीआय आणि नेटबँकिंग माझ्याच फोनवर घेऊन सगळं मीच भरत राहिलो तर चालेल का.

मी ३२ वर्षं सरकारी बँकेत काढली, त्यातली बरीच पेन्शनर लोकांच्या खिडकीवर. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बसते आणि लोकांची हीच कामं मार्गी लावते. म्हणून आधी स्पष्ट सांगते: असं करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण आज सगळा व्यवहार बाबांच्या एकट्याच्या डोक्यात होता म्हणून घर अडलं. उद्या तो तुमच्या एकट्याच्या फोनमध्ये असेल आणि तुम्ही विमानात असाल, किंवा तुमचाच फोन चोरीला जाईल, तेव्हा आई पुन्हा तिथेच उभी राहील.

शिवाय यूपीआय चालवायचं तर बँकेत नोंदलेलं बाबांचं सिम तुमच्या फोनमध्ये घालावं लागेल. म्हणजे पैसे जमा झाल्याचे, कापल्याचे सगळे मेसेज पुण्याला आणि माणसं भुसावळला. पासवर्ड आणि पिन दुसऱ्याला दिला हे एकदा उघड झालं की फसवणूक झाल्यावर बँकेकडे दाद मागताना बाजू लंगडी पडते. आणि एक बोलायला जड जाणारी गोष्ट. माणूस गेल्यानंतर त्याच्या कार्डाने, त्याच्या पिनने पैसे काढणं चुकीचं आहे, मग ते अंत्यविधीसाठी का असेना. यावरून सख्ख्या भावंडांची बोलाचाली बंद झालेली मी खिडकीतून बघितली आहे.

तर आता काय करायचं ते.

बाबांचं पेन्शनचं खातं एकट्याच्या नावावर असेल तर पहिल्यांदा ते आईबरोबर संयुक्त करून घ्या, ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो, या पद्धतीने. केंद्राच्या पेन्शनरांना हे चालतं, रेल्वेसुद्धा त्यातच आली. याचा मोठा फायदा पुढे आहे. पेन्शनर गेल्यावर त्याच संयुक्त खात्यात पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करता येतं, नवीन खातं उघडायला लावत नाहीत. साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, वयाचा आणि ओळखीचा पुरावा एवढ्यावर काम होतं. माझ्या आईच्या वेळी खातं वडिलांच्या एकट्याच्या नावावर होतं. मी स्वतः बँकेत नोकरीला असूनही तिचं पेन्शन सुरू व्हायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती प्रत्येक भाजीवाल्याशी घासाघीस करायची, हे आजही मला आठवतं.

पीपीओ काढून त्यावर आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघा. ‘सौ. कुसुम’ आणि ‘कुसुमबाई’ असा आधारशी फरक असेल तर बाबा हिंडते-फिरते आहेत तोवर तो दुरुस्त करून घ्या.

दुसरं खातं आईचं. पहिलं नाव आईचं, दुसरं बाबांचं, आणि बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर आईच्या हातातल्या फोनचा. याला मी घरखर्चाचं खातं म्हणते. दर महिन्याला पेन्शनच्या खात्यातून ठरावीक रक्कम या खात्यात आपोआप यावी अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शाखेत देऊन ठेवा (काउंटरवर ‘एसआय’ म्हणालात की कळेल). खातं त्याच बँकेत असेल तर हे काम एका फॉर्ममध्ये होतं. महिन्याला घरात २२ हजार लागत असतील तर २५ ठेवा. एटीएम कार्ड याच खात्याचं वापरायचं, यूपीआय याच खात्याला जोडायचं, सगळी बिलं इथूनच भरायची.

पेन्शनच्या मोठ्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून बंद करून ठेवायचे. नेटबँकिंग हवंच असेल तर फक्त शिल्लक आणि नोंदी बघण्यापुरतं मागून घ्या. लोक माझ्याकडे येतात आणि वाद घालतात, ऑनलाइन चांगलं की शाखा चांगली. माझ्या मते प्रश्न वेगळा आहे: फोनच्या आवाक्यात आपले किती पैसे आहेत? ते २५ हजार असतील तर चूक झाली तरी घर उभं राहतं. त्याच फोनवर ठेवीसुद्धा दिसत असतील तर भामटे ठेव मोडायला लावतात किंवा ठेवीवर ऑनलाइन कर्ज काढायला लावतात. आयुष्यभराची पुंजी अर्ध्या तासात रिकामी झालेली माणसं समोर बसून रडलेली आहेत, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहिते आहे.

स्टँडिंग इन्स्ट्रक्शनची तारीख मात्र विचार करून टाका. केंद्राचं पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होतं, पण मार्चचं पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतं. एक एप्रिलला बँकांचं वार्षिक क्लोजिंग असतं. दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ‘माझा चेक परत का गेला’ म्हणून विचारणारी रांग लागायची, त्यातल्या निम्म्यांचं कारण हेच. पाच तारीख धरा, आणि आपोआप कापली जाणारी बिलं सात-आठ तारखेनंतर.

बिलांचं बोलायचं तर सगळीच ‘ऑटो पे’वर टाकू नका, आणि सगळीच हातानेही भरू नका. ज्याची रक्कम ठरलेली आहे आणि जे चुकलं तर मोठं नुकसान होतं, ते आपोआप जाऊ द्या. आरोग्य विमा असेल तर त्याचा हप्ता पहिला. वार्षिक हप्ता चुकला तर सवलतीचे ३० दिवस मिळतात, पॉलिसीही चालू राहते, पण मधल्या दिवसांत काही आजारपण निघालं तर त्याचा दावा मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. १५ हजारांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, विम्याच्या हप्त्याला ही मर्यादा १ लाख आहे. तो आधी येणारा मेसेज वाचायची सवय आईला लावा.

मोबाइलचं रिचार्ज ही क्षुल्लक गोष्ट समजू नका. तुमच्या घरी तेच संपलं ना? बँकेत नोंदलेला नंबर बंद पडला की ओटीपी बंद, मेसेज बंद, खातं असून नसल्यासारखं. आणि नंबर फार दिवस बंद राहिला तर कंपनी तो दुसऱ्या माणसाला देऊन टाकते. दोघांच्याही नंबरवर वर्षाचा प्लॅन एकदाच मारून टाका.

वीजबिल मी हातानेच भरायला सांगते. खानदेशातला उन्हाळा, कूलर दिवसरात्र चालणार, मे महिन्याचं बिल जानेवारीच्या दुप्पट येणं साहजिक आहे. पण कधी रीडिंग चुकतं, कधी सरासरीचं बिल येतं. रक्कम बघून भरलं तरच ते लक्षात येतं. महावितरणच्या बिलावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो. बँकेच्या ॲपमध्ये ‘भारत कनेक्ट’ किंवा बिल भरण्याच्या भागात तो एकदा टाकला की पुढच्या वेळी रक्कम आपोआप दिसते. भरण्याआधी पडद्यावर बाबांचं नाव आलं का ते बघायचं. आकडा एक चुकला तर शेजाऱ्याचं बिल भरलं जातं, आणि ते परत मिळवणं फार कटकटीचं असतं.

इथेच तुमच्या मूळ प्रश्नातल्या अर्ध्या भागाचं उत्तर आहे. बिल भरायला बाबांचं खातं लागतच नाही. तो ग्राहक क्रमांक तुमच्याकडे असेल तर पुण्यातून, तुमच्या खात्यातून, तुम्ही अडीअडचणीला कधीही भरू शकता. मग त्यांच्या पासवर्डची गरज काय? वीज, गॅस, फोन, घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक, पाणीपट्टीचा नळजोडणी क्रमांक एवढे आकडे आजच एका कागदावर उतरवून घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

घरपट्टी-पाणीपट्टी वर्षाची असते. ती नगरपालिकेत जाऊन भरली तरी हरकत नाही, पावती फायलीत लागली पाहिजे. असल्या वार्षिक खर्चासाठी मी तिमाही व्याजाचा उपयोग करायला सांगते. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तिमाहीला व्याज देते. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि कमाल रक्कम १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली. ते व्याज आईच्या खात्यात वळवलं की घरपट्टी, विमा, दिवाळी यांसाठी ठेवीला हात लावावा लागत नाही.

दूध, पेपर, कामवाल्या ताई, भाजी हे रोखीत चालू द्या. त्यात आईचा हात बसलेला आहे, तो मोडू नका. महिन्यातून दोनदा एटीएममधून पैसे काढले की पुरतात.

आता नोंदी ठेवण्याबद्दल. संघात येणाऱ्या एका काकूंनी केलेली व्यवस्था मला इतकी आवडली की मी ती सगळ्यांना दाखवते. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं. त्याच्या चौकटीत दुधाचे लिटर त्या पूर्वीपासून लिहायच्याच. त्याच चौकटींत त्यांनी लाल पेनाने ‘लाईट’, ‘गॅस’, ‘फोन’ लिहायला सुरुवात केली, शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच्या चौकटीत. भरलं की त्यावर बरोबरची खूण आणि बाजूला रक्कम. महिना संपला की ते पान फाडून फेकायचं नाही, मागे दुमडायचं. वर्षाचा हिशोब तयार. त्यांचा मुलगा त्यांना तीन-तीन ॲप शिकवून थकला होता. काकूंना ॲप नको होतं, त्यांना आपल्या नजरेसमोर दिसणारी जागा हवी होती.

कॅलेंडरच्या जोडीला एक दोनशे पानी वही करा, आणि ती बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली असू द्या. कुठल्या बँकेत कुठलं खातं, ठेवीची पावती कुठल्या कपाटात, ती कधी पिकते, नॉमिनी कोण, लॉकरची किल्ली कुठे, विम्याची पॉलिसी, पीपीओ क्रमांक. पिन आणि पासवर्ड यात लिहायचे नाहीत. बायपासनंतर माणूस हळवा झालेला असतो. ‘तुम्हाला काही झालं तर’ असं म्हणून वही पुढे केलीत तर ते दुखावतील. ‘तुमच्याशिवाय हे कोणाला सांगता येणार नाही, आईला शिकवा’ असं म्हणा. ज्या माणसाने चाळीस वर्षं घर चालवलं, त्याच्या हातून कारभार काढून घेतोय असं त्याला वाटता कामा नये.

नॉमिनीबद्दल दोन शब्द. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. लावा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, हक्क वारसांचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र वेगळं करायचं.

ठेवी एकाच ठिकाणी असतील तर हेही बघा: बँक बुडाली तर ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच आहे, आणि ते फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १ लाख होतं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना अजिबात नाही. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींचं दुःख जळगाव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. एक टक्का जास्त व्याजासाठी बाबांचे पैसे तिथे असतील तर मुदत संपताच काढून घ्या.

तब्येतीमुळे काही अडचणी येतील, त्या आधीच सांगते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हात थरथरतो, सही बदलते आणि ‘सही जुळत नाही’ म्हणून चेक परत येतो. बाबा शाखेत जाऊ शकत असतील तर नव्या सहीचा नमुना देऊन या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा अंगठासुद्धा चालतो, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. बहुतेक लोक हे मागतच नाहीत. व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, वय ८० झालं की ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बोटांचे ठसे उमटत नसतील त्यांना हा मोठाच दिलासा. पोस्टमनही थोडं शुल्क घेऊन घरी येऊन करून देतो. झाल्यावर प्रमाण क्रमांकाचा मेसेज येतो, तो कालनिर्णयवर लिहून ठेवा.

ठेवींच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच बँक कापते तो कर) कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा फॉर्म, ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘१५ एच’ म्हणत आलो, तो कर बसतच नसेल तरच द्यायचा. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांना एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखापर्यंत असेल तर टीडीएस कापतच नाहीत, त्यामुळे अनेकांना आता त्याची गरज उरलेली नाही.

फसवणुकीबद्दल मात्र आईला नीट बसवून सांगा, आणि भीती घालून सांगू नका. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापणार’ असा मेसेज कोणाच्या खाजगी मोबाइल नंबरवरून आला की तो खोटा. ‘हयातीच्या दाखल्यासाठी पीपीओ नंबर आणि ओटीपी सांगा’ असा फोन आला की तोही खोटा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कोणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणालं तर तसं काही कायद्यात अस्तित्वातच नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, तो फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. बँकेची वेबसाइट उघडायचीच झाली तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते बघायचं. एवढं सगळं आठवलं नाही तरी एक गोष्ट पक्की करा: पैशाबद्दल कोणाचाही फोन आला की ‘मुलाला विचारून सांगते’ म्हणायचं, फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा. तुम्ही मीटिंगमध्ये असलात तरी तो उचलायचा, हे वचन तुम्ही तिला द्यायचं आहे.

आणि काही झालंच तर पहिल्या तासात १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि बँकेत तक्रार. आईला रागवू नका. रागाच्या भीतीने दोन दिवस लपवून ठेवलेल्या फसवणुकीतले पैसे परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. तासाभरात कळवलं तर ते काही वेळा मधल्याच खात्यात गोठवता येतात.

आईने सुरुवातीला स्वतःचं खातं चालवायला नकारच दिला तर यूपीआय सर्कल ही सोय आहे. तुमच्या यूपीआयवर तिला जोडायचं, म्हणजे ती तिच्या फोनवरून पैसे देते आणि ते तुमच्या खात्यातून जातात. एका वेळी ५ हजार, महिन्याला १५ हजारांपर्यंतची मर्यादा ठरवून देता येते. हे तात्पुरतं म्हणून ठीक आहे. तिचे पैसे तिच्या हातात असणं वेगळं.

पुढच्या वेळी भुसावळला जाल तेव्हा दोन दिवस जास्त काढा, त्यातला एक बँक चालू असेल असा. सकाळी शाखेत दोघांना घेऊन जा आणि संयुक्त खातं, आईचं खातं, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, नॉमिनी हे चार फॉर्म एकाच फेरीत द्या. दोघांचे आधार, पॅन, फोटो आणि पासबुक बरोबर असू द्या, आणि निघण्याआधी पासबुकात एंट्री मारून घ्या. दुसऱ्या दिवशी आईला आधी एटीएमवर न्या. पिन तिने स्वतः टाकायचा, तुम्ही पाठ फिरवून उभे राहा. ५०० रुपयेच काढू द्या. मग घरी येऊन तिच्याच नंबरचं रिचार्ज तिच्याच हाताने करवा, कारण ते चुकलं तरी फार बिघडत नाही. त्यानंतर सलग तीन महिने वीजबिल तिने भरायचं, बाबांनी शेजारी बसून बघायचं, आणि तुम्ही रविवारी फोनवर फक्त एवढंच विचारायचं की कालनिर्णयवर खूण झाली का.